आधी शोकेस आलं

आमच्या घरात कुठलं काम कुणाचं हे कधी बसून ठरवावं लागलं नाही. पगार मी आणायचा, घरात काय घ्यायचं ते मी ठरवायचं आणि शहापूरच्या बाजारातून सामानही मीच आणायचं. बाकी सगळं बायकोचं. चूल, धुणी, शेण-सारवण, पोरगी आणि पाणी. माझ्या वडिलांच्या घरात असंच होतं, तिच्या वडिलांच्याही.

लग्न झालं तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ती मुरबाडकडची, दहावी पास. मी हायवेवरच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जायचो. आमचं गाव किन्हवलीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. पगार झाला की पाकीट मी पत्र्याच्या पेटीत ठेवायचो आणि शनिवारी तिच्या हातावर भाजीपाल्यापुरते पैसे द्यायचो. तिला साडीसुद्धा मीच आणायचो. कुठला रंग आवडतो हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आणलेली साडी ती नेसायची, एवढ्यावरून मी समजायचो की आवडली.

घर टेकाडावर आणि विहीर खाली, ओहोळाच्या काठाला. विहिरीला बारमाही पाणी होतं, पण उन्हाळ्यात ते इतकं खाली जायचं की दोर पुरायचा नाही, जोडावा लागायचा. डोक्यावर एक हंडा, त्यावर कळशी, अशा दिवसाला सहा खेपा. पोरगी झाल्यावर आठ. या खेपा मी कधी मोजल्या नव्हत्या. आकडा मला पुढे कळला, स्वतः भरायला लागल्यावर.

पोरगी चार वर्षांची असताना एके दिवशी मी जेवत होतो. बायको वाढता वाढता म्हणाली, "ओ, खालच्या आळीतली तीन घरं मिळून विहिरीवर मोटार बसवतात. पाइप टाकून घरात नळ घेणार. आपुन चौथे होऊ का?"

"किती लागतील?"

तिने आकडा सांगितला. तिने तो आधीच विचारून ठेवला होता. दिवाळीचा बोनस यायचा होता, त्यात बसण्यासारखा होता.

"बघू," मी म्हणालो.

"ते लोक आठ दिवस थांबतील. मंग तिघंच करतील."

"बघू म्हनलं ना गो."

चार दिवसांनी तिने परत विचारलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा एकदा. शेवटच्या वेळी मी चिडलो. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी, शहापुरात, मी लाकडी शोकेस पाहिलं होतं. काचेची दारं, आत कपबशा आणि प्लास्टिकची फुलं. पाहुणे आले की नजर तिकडेच जायची. आमच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकलेलं काही नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटायची. नळ आतल्या अंगणात आला असता. तो कुणाला दिसला असता?

बोनस आला आणि मी शोकेस घेऊन आलो. टेम्पोतून उतरवताना आळीतले चार जण मदतीला आले. ती दारात उभी होती. तिने फक्त विचारलं, "याच्यात काय ठेवायचं?"

ठेवायला खरंच काही नव्हतं. पोरीची बाहुली आणि लग्नात आलेला काचेचा सेट ठेवला. उरलेले कप्पे बरेच दिवस रिकामेच राहिले.

खालच्या तीन घरांत नळ आला. माझी बायको त्यांच्या दारावरून हंडा-कळशी घेऊन वर येत राहिली. त्यांतली एक बाई तिला म्हणायची, आमच्या नळावर भर. एक-दोनदा तिने भरलं. मग बंद केलं. का, ते मी विचारलं नाही. बाया-बायांचं काहीतरी असेल असं धरून चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेलेले होते. सहावा महिना चालू होता. मे महिन्यात माझी सकाळची पहिली पाळी होती. एके दिवशी दुपारी घरी आलो तर दारात शेजारची म्हातारी बसलेली. ती म्हणाली, "तुझ्या बायकोला जीपनं शहापूरला नेलंय. तिचा भाऊ आलेला, बरं झालं. जा लवकर."

म्हातारीने पुढे जे सांगितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. पाणी घेऊन चढ चढताना बायकोच्या पोटात कळ आली होती. ती मधेच थांबली, झाडाला धरून उभी राहिली आणि मग तशीच हंडा-कळशी घेऊन घरी आली. दोन्ही भांडी नीट उतरवून ठेवली, त्यावर झाकण ठेवलं आणि मग खाली बसली. बसली ती उठली नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी." त्यांनी कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्याच्या आडोशाला बसून काढली. कुणी विषय काढला की मी तेच वाक्य म्हणायचो. असं होतं कधी कधी.

ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसलो. ती म्हणाली, "घरी पाणी भरलेलं हाय. पोरीला आंघोळ घाला."

बस, एवढंच. मोटारीचं नाव नाही, नळाचं नाही. पंधरा दिवसांनी ती पुन्हा विहिरीवर जायला लागली. मी एकदा म्हणालो, "थोडे दिवस राहू दे." ती म्हणाली, "मंग कोन आनंल?" आणि मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे, मी आणतो, हे उत्तर मला सुचलं नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. आधी मागायची. चपला, पोरीला फ्रॉक, भिंतीला रंग. आता शनिवारी मी जे देईन ते घ्यायची आणि त्यात भागवायची. मी कारखान्यात सांगायचो की आमच्या मंडळी फार समजूतदार आहेत, घरात एका शब्दाची कुरबूर नाही. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटायचं.

शतक बदलायच्या सुमारास कारखाना बंद पडला. आधी आठवड्याला तीनच दिवस काम, मग ब्रेक म्हणून बिनपगारी घरी, मग फाटकावर नोटीस. हिशोबाचे थोडे पैसे मिळाले. मी चाळिशीला आलो होतो. शहापुरात, आसनगावला, कल्याणपर्यंत फिरलो. कुठे दोन महिने, कुठे पंधरा दिवस, याच्यापलीकडे काही मिळालं नाही. मग मी घरी बसलो. आमची थोडी भातशेती होती, पण ती चार महिन्यांची.

एका संध्याकाळी ती भाकऱ्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "परवापासून मी मुरबाडला जाते. मुलींच्या वसतिगृहात जेवन करायला बाई पायजे होती. भावानं सांगितलं तिथं. सकाळची जीप हाय किन्हवलीहून."

"मला न विचारता ठरवलंस?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "काय विचारायचं होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"आनि घरचं?" मी म्हणालो.

"पोरीला सकाळी डबा लागतो. भाकरी शिकवते तुमाला."

तिने मला दोन दिवस भाकरी थापायला शिकवलं. पाणी भरायला शिकवलं नाही, त्यात शिकवण्यासारखं काय असतं? पहिल्या दिवशी मी हंडा घेऊन विहिरीवर गेलो तेव्हा तिथल्या सात-आठ बाया बोलायच्या थांबल्या. एकीने पदर पुढे ओढला. मी दोर सोडला, हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि अर्ध्या चढावर सगळा भिजून गेलो. घरी पोचलो तेव्हा हंड्यात निम्मं पाणी. दुसऱ्या खेपेला कंबर धरली. सहावी खेप झाली तेव्हा मी ओट्यावर बसलो आणि तिथेच मला समजलं की ती हे रोज करत होती, पाळीत होती तेव्हा, तापात होती तेव्हा, सहाव्या महिन्यात होती तेव्हा.

चार दिवसांनी मी सायकल काढली. कॅरियरला दोन्ही बाजूंनी डबे बांधले, गावच्या रस्त्याने वळसा घालून आणले. दोन खेपांत काम झालं. विहिरीवर ती शेजारची म्हातारी होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, "सायकल तर तवाही होती की रे घरात."

म्हातारीने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. दुपारच्या पाळीला असायचो तेव्हा ती सायकल सकाळभर ओट्याला टेकवलेली असायची आणि मी बाजूला बसून चहा प्यायचो.

तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली असतील. एक माणूस किन्हवलीहून टेम्पोत काळ्या पाइपाची गुंडाळी घेऊन आला. म्हणाला, "बाईंनी सांगितलंय. खालच्या मोटारीवरनं जोडायचं हाय." मी म्हणालो, आम्ही काही मागवलं नाही. तो म्हणाला, "पैशे दिलेत त्यांनी." खालच्या तीन घरांशीही तिचं बोलून झालं होतं. संध्याकाळपर्यंत आतल्या अंगणात नळ आला.

ती आली तेव्हा नळाला पाणी होतं. तिने हात धुतले, तोंड धुतलं आणि चुलीपाशी गेली. मी म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"तुमी भरता ना पानी. तुमाला त्रास व्हतो," ती म्हणाली.

हे ऐकून मला जे वाटलं ते कसं लिहायचं हे मला अजून जमलेलं नाही. तिने माझ्यासाठी केलं होतं ते. मी पाणी भरायला लागल्यावर दोन वर्षांत केलं होतं, आणि तिने दहा वर्षं भरलं तेव्हा मी काय आणलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी धीर करून मी तो विषय काढला, त्या मुलाचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, "तवा तू जोर करायला पायजे होतंस. मी ऐकलं असतं."

ती पीठ मळत होती. तिचा हात थांबला. "तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "किती वेळा सांगायचं असतं?"

ती पुन्हा पीठ मळायला लागली. पोरगी आतून वही घेऊन आली आणि बोलणं तिथेच संपलं. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पोरगी बारावीला गेल्यावर मुरबाडला शिकायला गेली. वसतिगृहातच बायकोला एक खोली मिळाली होती, तिथे मायलेकी राहायला लागल्या. रोजची जीप तिला झेपत नव्हती, कंबरेचं दुखणं वाढलं होतं. मी एकदा विचारलं, मीही येऊ का तिकडे. ती म्हणाली, "खोली लहान हाय." थोडं थांबून म्हणाली, "आनि भात कोन बघंल?" ते खरंही होतं.

आता ती शनिवारी संध्याकाळी येते. मी जेवण करून ठेवतो. भाकरी मला बरी जमते, कालवण अजून पांचट होतं. ती ते जेवते. किराणा काय संपलाय ते बघते, कागदावर लिहून देते आणि पैसे डब्याखाली ठेवते. नवीन काही घ्यायचं असलं तर घेऊन येते. मागच्या पावसाळ्याआधी तिने छताचे पत्रे बदलून घेतले. चांगले आणले होते.

रविवारी दुपारी मी तिची पिशवी घेऊन किन्हवलीपर्यंत जातो. जीप भरायला वेळ लागतो. तोवर आम्ही दोघं टपरीच्या सावलीत उभे असतो. ती म्हणते, "तुमी जावा आता, ऊन लागंल." मी नको म्हणतो. मग ती आत जाऊन बसते, पिशवी मांडीवर घेते, आणि ड्रायव्हर येईपर्यंत समोर बघत राहते.