सोळांतले तिसरे पिंप

हेमावती कृष्णाजीराव साळुंके. जन्म तंजावर, १९६२; मृत्यू चेन्नई, २०२३. शिक्षण रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी. नोकरी एकच, गिंडी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत, १९८६ ते २०२०. वास्तव्य अण्णा नगरात, धाकटी बहीण अलमेलू यांच्यासह. या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख म्हणून मी एकोणीस वर्षे काम केले, त्यांतील बहुतेक काळ बाई माझ्या हाताखाली होत्या. त्यांच्याविषयी कोठे काही छापून आलेले नाही. म्हणून २०१७ सालच्या एका गुरुवारची हकीकत, मला आठवते त्या क्रमाने, येथे नोंदवतो. तीत माझी चूक आहे, तीही नोंदवतो.

आमच्याकडे लहान मुलांच्या दम्यावरचे एक औषध तयार होत असे. ते प्यायचे नव्हते. नेब्युलायझर यंत्रातून त्याची वाफ करून मुलाच्या तोंडावरील मास्कमध्ये सोडत. औषधाची पूड नुसत्या पाण्यात विरघळत नसे, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रावक वापरावा लागे. हा द्रावक शुद्ध असेल तर निरुपद्रवी. परंतु त्यात त्याचाच एक विषारी भाऊबंद, डायइथिलीन ग्लायकॉल, मिसळलेला असू शकतो. रंग, वास, दाटपणा यांवरून तो ओळखू येत नाही. त्याची मर्यादा शेकडा शून्य दशांश एक.

द्रावक पिंपांतून येई. प्रत्येक पिंप तपासण्यास वेळ पुरत नसे, म्हणून मी २००४ साली एक नियम लिहून दिला होता. पिंपांच्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्यात एक मिळवावा, तितकी पिंपे उघडावीत आणि त्यांचे नमुने एका बाटलीत एकत्र करून ती बाटली तपासावी. सोळा पिंपे आली तर पाच. हा नियम इतरत्रही प्रचलित होता आणि मला तो आवडत असे. त्यात आटोपशीरपणा होता.

त्या गुरुवारी दुपारी सव्वा वाजता बाई माझ्या खोलीत आल्या. हातात सोमवारचा अहवाल होता. सोळा पिंपांचा तो माल त्यांनी स्वतः तपासून पास केला होता.

"सार, हा आकडा पाहा."

त्यांची मराठी तंजावरची, तमिळ चढउतारांची होती. मला त्या शेवटपर्यंत 'सार' म्हणत.

"शून्य दशांश शून्य आठ," मी वाचले. "मर्यादेच्या आत आहे. पास आहे."

"पास मीच लिहिलं. पण आजवर या रकान्यात 'आढळले नाही' असंच येत होतं. हे आठ आलं कुठून?"

"आत आहे ना?"

"पाच पिंपांचं मिळून आठ, सार. चार पिंपं स्वच्छ असतील आणि सगळं एकाच पिंपातलं असेल तर?"

मी उत्तर देण्यापूर्वी त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार मांडला. शून्य दशांश चार. मर्यादेच्या चौपट.

मी म्हणालो, "पाचाने गुणावे असे नियमात कोठेही नाही."

"नियम कुणी लिहिला?"

"मी."

"मग तुम्हालाच विचारायला हवं ना." त्या हसल्या नाहीत.

मी उत्पादन विभागाकडे चौकशी केली. सोळांपैकी पहिली तीन पिंपे मंगळवारी वापरली गेली होती. त्यांतून अठरा हजार कुप्या भरून झाल्या होत्या, आणि त्या पाठवण्याच्या परवानगीवर सकाळी अकरा वाजता मीच सही केली होती. माल साडेतीनला सात रुग्णालयांच्या बालविभागांकडे निघणार होता. तयार औषधात त्या विषाचा शोध आम्ही घेत नसू, कारण कच्चा माल पास झालेला असे.

"तीनही रिकामी पिंपं अंगणात आहेत," बाई म्हणाल्या. "तळाशी बोटभर तरी राहतं. धुण्याआधी मला ते हवंय."

आम्ही गेलो तेव्हा पहिले पिंप नळाखाली आडवे केलेले होते. बाईंनी नळ बंद केला आणि तिन्ही पिंपांच्या तळातून लांब नळीने स्वतःच नमुने काढले. पहिल्यात पाणी शिरले नव्हते. मग बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर क्रमांक घातले. अक्षर नेहमीसारखेच होते.

प्रयोगशाळेतील तपासणीच्या यंत्राला त्या मामियार म्हणत. तमिळमध्ये मामियार म्हणजे सासू. घाई केलेली तिला चालत नाही. प्रत्येक नमुन्याला बावीस मिनिटे लागत, आणि आपले विष आलेखावर चौदाव्या मिनिटाला दिसत असे. यंत्र तापवून, शुद्ध नमुन्याने त्याची खात्री करून घेईपर्यंत सव्वादोन वाजले.

पहिले पिंप स्वच्छ निघाले.

दुसऱ्याचा आलेख चालू असताना उत्पादन व्यवस्थापक नारायणस्वामी आले. ते भले गृहस्थ. सात रुग्णालयांचे फोन त्यांनाच घ्यावे लागत. बोलणे तमिळमध्ये झाले, ते मराठीत देतो.

"अम्मा, सोमवारी पास, गुरुवारी नापास. उद्या पुन्हा पास करणार का?"

"उद्या तुम्ही खायला चकली आणलीत तर विचार करते."

"खोकल्याच्या औषधातून लोक हाच द्रावक चमचे चमचे पितात. इथे दोन थेंब."

"पितात त्यांच्या पोटात गेल्यावर यकृत तरी मध्ये उभं असतं. श्वासाच्या वाटेवर कुणी उभं नाही."

"मग श्वासातून किती चालतं, ते तरी सांगा."

"मला ठाऊक नाही. ही मर्यादा ठरवली ती पिण्याच्या औषधांसाठी. सहा महिन्यांच्या मुलाच्या फुफ्फुसाचं कुणी मोजलेलं मला तरी सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर द्या, मी लगेच उठते."

नारायणस्वामी खुर्ची ओढून बसले. चौदावे मिनिट आले आणि गेले. रेघ सपाट राहिली.

मला सुटल्यासारखे वाटले, हे मान्य केले पाहिजे. सोमवारी तपासलेली पाच पिंपे होती दोन, पाच, नऊ, अकरा आणि चौदा. त्यांपैकी केवळ दुसरे या मालात गेले होते, आणि ते स्वच्छ होते. म्हणजे दोष उरलेल्या चारांत, आणि ती चारही गोदामात बंद.

"झालं," नारायणस्वामी उठले. "दोन नंबर स्वच्छ. गाडी भरतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "बाई, आता पुरे."

"सार, तिसरं पिंप सोमवारी कुणी उघडलं होतं?"

"कोणी नाही. पाचांत ते नव्हते."

"मग ते स्वच्छ आहे हे आपल्याला कुणी सांगितलं?"

मी घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तिसरा नमुना यंत्रात सोडला. खाली गाडीचे मागचे दार उघडल्याचा आवाज आला. नारायणस्वामी खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला; सोमवारच्या अहवालावर सही त्यांची होती आणि हे पिंपही स्वच्छ निघाले असते तर त्यांच्या एकतीस वर्षांच्या कामावर लोक काय बोलले असते हे त्या जाणून होत्या. यंत्राच्या खोलीत आम्ही तिघे, आणि पडद्यावर एक सरकणारी रेघ.

बारावे मिनिट. तेरावे. तीन चोवीसला रेघ वर गेली, आणि जातच राहिली.

आकडा आला शून्य दशांश सहा दोन. मर्यादेच्या सहापटींहून अधिक. जे पिंप माझ्या नियमाने कधीच उघडले गेले नसते त्यातला.

"पुन्हा एकदा सोडते," बाई म्हणाल्या. "एकदाच आलं तर ते यंत्राचंही असू शकतं."

"गाडी?" नारायणस्वामींनी माझ्याकडे पाहिले.

"थांबेल," मी म्हणालो, आणि सकाळच्या परवानगीवर रेघ मारून तारीख, वेळ व सही घातली. दुसऱ्या वेळी आकडा आला शून्य दशांश सहा एक. नारायणस्वामी जिना उतरून गेले आणि आम्ही खोकी गाडीतून उतरवली जाताना पाहिली.

पुढील दोन दिवसांत बाईंनी उरलेली तेराही पिंपे एकेक करून तपासली. अकराव्यात शून्य दशांश चार एक निघाले, बाकी स्वच्छ. जॉर्ज टाउनमधील ज्या व्यापाऱ्याकडून माल घेतला होता त्याने अखेर लेखी कबूल केले की बंदरावरून येताना दोन पिंपे गळली, ती त्याने गोदामातल्या दुसऱ्याच एका द्रावकाच्या पिंपातून भरून काढली आणि नवी सिले लावली. त्यात त्याला काही गैर वाटले नव्हते. दिसायला दोन्ही सारखेच होते.

अठरा हजार कुप्या साक्षीदारांसमक्ष नष्ट केल्या. औषध नियंत्रण विभागाला कळवले. व्यापाऱ्याचे नाव यादीतून काढले. वर्गमुळाचा नियम मी माझ्या हाताने रद्द केला आणि प्रत्येक पिंप स्वतंत्र तपासण्याचा नवा नियम बाईंकडून लिहवून घेतला. त्यावर त्यांची सही पहिली आहे, माझी दुसरी.

इतके मिटले. बाकी राहिले ते असे. त्याच व्यापाऱ्याकडून आधीच्या तीन वर्षांत नऊ वेळा माल आला होता. प्रत्येक मालाचा थोडा नमुना आम्ही जपून ठेवत असू; त्या राखीव बाटल्या काढल्या. त्या सर्व एकत्र केलेल्या नमुन्यांच्याच होत्या. वेगळे पिंप कोठेच शिल्लक नव्हते. दोन बाटल्यांच्या आलेखात चौदाव्या मिनिटाला बारीक उंचवटा दिसला, मर्यादेच्या आत, इतका बारीक की मूळ तपासणीत तो सुटला होता. तो कोणत्या पिंपातला, किती पिंपांतला, आणि न उघडलेल्या पिंपांत काय होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही. ते औषध मुलांनी केव्हाच श्वासातून घेतले होते.

बाईंनी सातही रुग्णालयांना पत्रे लिहिली. चारांची उत्तरे आली. त्या काळात तशी काही तक्रार त्यांच्या नोंदीत आढळली नाही. तीन रुग्णालयांची आली नाहीत. निवृत्त होईपर्यंत बाई दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिल्या, आणि जाताना ती फाइल त्यांच्या जागी आलेल्या विशालाक्षींच्या हाती दिली. गेल्या महिन्यात मी विशालाक्षींना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या की स्मरणपत्रे जातात, फाइल उघडी आहे, आणि तीन उत्तरे अद्याप आलेली नाहीत.