भाकर थांबली होती

गोंदियाला उतरलो तेव्हा गाडी लेट आणि जिवाची नुसती घालमेल. दवनीवाड्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने मला रविवारच्या उपासनेला बोलावलं होतं. प्रवचनाला विषय दिला होता ‘नम्रता’. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, “बैठो साहब, अभी निकलते हैं,” आणि रिक्षा भरेपर्यंत हलला नाही. मी आपला घड्याळाकडे बघत चरफडत होतो.

दवनीवाडा मागे पडला. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे (गंज्या), मधेच एखादी बोडी (लहान तळं), काठावर बगळे. एरवी मी उतरून पाहिलं असतं. त्या दिवशी मला फक्त पोचायचं होतं.

मंडळीतल्या सुमनबाईंकडे माझी उतरायची सोय होती. हातपाय धुतो न धुतो तोच त्यांनी भात आणि लाखोरीची डाळ वाढली.

“बाई, उपासनेला उशीर होतोय.”

“जेवल्याबिगर जाऊ नका. देव काही पळून नाही जाऊन राहिला.”

“तुमच्याकडे वेळेला काही किंमतच नाही!” मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

“उशीर गाडीनं केला. ताटावर कायले राग काढता?” त्या म्हणाल्या. हे मला भलतंच झोंबलं.

देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) सुरुवातीची प्रार्थना माझ्याकडे होती. डोळे मिटून मी म्हणालो, “प्रभू, ज्या भगिनीने आज मला जेवू घातलं, तिच्या जिभेला नम्रता शिकव.” सगळे ‘आमेन’ म्हणाले आणि मला छान गार वाटलं.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घेण्याआधी, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) उभे राहिले. “कोणाचं कोणाशी वाकडं असन, त आताच मिटवा. तवर भाकर थांबन.” ही इथली रीतच. दोन भाऊ उठून बाहेर गेले, एक सून सासूपाशी जाऊन बसली. मी कौतुकाने बघत होतो. तेवढ्यात सुमनबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“पाहुणे, माझ्यासाठी प्रार्थना केली, का माझी देवापाशी तक्रार केली?”

“माझा तसा अर्थ नव्हता.”

“मंग कसा होता?”

बाहेर गेलेले भाऊसुद्धा परत येऊन बसले. भाकर कापडाखाली तशीच होती. कुणी मला घाई करेना, कुणी सोडवायलाही येईना. उठून सरळ स्टेशन गाठावं असं फार वाटलं. पण ती भाकर टाळून निघालो असतो, तर पुढे कुठल्या देवळात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?

“अर्थ तोच होता, बाई,” मी म्हणालो. “तुमच्यावरचा राग मी देवाच्या आडून काढला. चुकलो. मला क्षमा करा.”

त्या म्हणाल्या, “केली. आता उपासना झाली का जेवाले या.”

पाळकांनी भाकर मोडली. मीही माझा तुकडा घेतला. नम्रतेवरचं प्रवचन मी निम्म्यातच आटोपलं.

पुण्याच्या परतीच्या गाडीत समोरचा प्रवासी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बसला होता. माझं डोकं तडकलं. डोळे मिटून देवाला सांगू लागलो, ‘प्रभू, या माणसाला...’ आणि पुढचा शब्द तोंडातच अडकला. मग म्हणालो, ‘प्रभू, या माणसाला बळ दे. त्याला पुण्यापर्यंत माझ्यासोबत जायचं आहे.’