लॉनखालची वाट

"हे मधोमध काय काढलंय?" दादासाहेबांनी माझ्या प्लॅनवर छडीचं टोक ठेवलं.

"पायवाट. वरच्या ठाकरवाडीतल्या बायका रस्त्याकडच्या विहिरीवर जातात, ती."

"माझ्या लॉनमधून? पुसून टाका. तारेचं कुंपण घाला."

लोधिवलीजवळ, मुंबई-पुणे रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावर दादासाहेबांनी बंगला बांधला होता. ते मुंबईत सॉलिसिटर. मी पुण्याच्या सरकारी बागेतली नोकरी सोडलेली आणि हे माझं पहिलं स्वतंत्र काम. इंग्रजी अमदानीतले दिवस. लँडस्केप आर्किटेक्ट हा शब्द आमच्याकडे कोणी ऐकलेला नव्हता. जमिनीचे चढउतार, पाणी, वाटा, झाडं यांची मांडणी करणारा माणूस, असं मी समजावून सांगायचो. ऐकणारा म्हणायचा, "म्हणजे माळीच ना?" माझ्या वडिलांचंही तेच मत होतं. त्यामुळे हे काम घालवून घरी जायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"ती वाट मला एकदा चालून बघू द्या," मी म्हटलं.

"बघा. पण पुढच्या खेपेला कुंपण दिसलं नाही, तर मी दुसरा माणूस बघीन." ते मोटारीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बायकांबरोबर निघालो. पुढे बुधी होती, चाळिशीतली, कमी बोलणारी.

"इथं कुंपण झालं तर कुठून जाल?"

तिने डोंगराच्या सोंडेकडे हात केला. "तिकडनं वळसा. उन्हाळ्यात वरचा झरा आटतो. मंग हीच हीर."

"कुंपण तोडाल?"

"आमी कशाला तोडू? गुरं तोडतील." ती हसली नाही.

परतताना तिचं एक भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन मी तो वळसा चाललो. अर्ध्या चढावरच खांदा बधिर झाला. वाट बंद करायची नाही, हे तिथेच ठरलं. प्रश्न उरला दादासाहेबांचा.

मी त्यांच्या व्हरांड्यात गेलो आणि त्यांच्याच आरामखुर्चीत बसलो. समोर उतार, उताराखाली भातखाचरं, पलीकडे पाताळगंगेचं पाणी. ह्या सगळ्याला आडवी जात होती ती वाट. दादासाहेबांना वाट नको नव्हती. चहा घेताना डोळ्यांसमोर माणसं नको होती. मग वाट नजरेच्या खाली नेली तर?

इंग्लंडातल्या मोठ्या बागांत गुरं अडवायला कुंपणाऐवजी चर खणत. घरातून बघणाऱ्याला चर दिसत नाही, हिरवळ सलग वाटते. मी लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, तिने जमिनीची उंची मोजता येते. लॉनच्या खालच्या कडेला दगडी बांध आणि बांधाच्या पायथ्याशी वाट, असा नवा प्लॅन काढला.

खोदाई सुरू झाली आणि कमरेएवढ्या खोलीवर कातळ लागला. मुकादम म्हणाला, "सुरुंगाबिगर नाय व्हायचं, साहेब."

सुरुंग लावला असता तर खालच्या विहिरीचे झरे फिरायची भीती होती. मी नाही म्हटलं. खाली जाता येत नव्हतं, म्हणून वर गेलो. निघालेला मुरूम लॉनच्या कडेला भरून घेतला आणि बांध उंच केला. आमच्या धंद्यात ह्याला कट अँड फिल म्हणतात. इथलं काढायचं, इथंच घालायचं. बुधी येताजाता बघत होती. एकदा थांबून म्हणाली, "बांधात एक दगड भाईर काढ रं. मडकं टेकवाया." एक दगड पुढे आलेला बसवला.

दादासाहेब आले. कुंपण नाही हे बघून कपाळाला आठ्या घालूनच खुर्चीत बसले.

"वाट कुठाय?"

"समोरच आहे."

तेवढ्यात लॉनच्या टोकाला एकावर एक दोन काळी मडकी उगवली. गवताच्या कडेने संथ सरकू लागली. मागून आणखी दोन. माणूस एकही दिसत नव्हता.

"हे काय?"

"मडकी. कातळामुळे एवढी राहिली. बांध आणखी चढवला तर तीही झाकली जातील. पण खुर्चीतून नदीचं पाणी दिसतंय ना? तेही जाईल. काय करायचं, तुम्ही सांगा."

मडकी लॉनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बुडाली.

"गुरं आत आली तर?"

"बांध चढून येत नाहीत."

"मग नदी राहू दे," ते म्हणाले आणि चहा मागवला.

वाट राहिली. पुढच्या वर्षी नेरळहून त्यांच्या एका स्नेह्यांचं बोलावणं आलं. ते म्हणाले, "दादासाहेबांच्या बंगल्यासमोरून मडकी जातात, तसं काहीतरी आमच्याकडेही करा." त्यासाठी आधी वर वाडी असावी लागते, हे त्यांना पटवून देणं फार कठीण गेलं. पण काम मिळालं.

तेव्हापासून एक नियम ठेवला. गिऱ्हाईक एखादी गोष्ट नको म्हणालं, की ते कुठे बसून नको म्हणतंय, ते आधी बघायचं. पेन्सिल मग उचलायची.