गोरक्षभाऊंचा गोड पाऊस

मिरजगावचे आमचे शेजारी गोरक्षभाऊ पाण्याच्या मोटारीपासून मिक्सरपर्यंत कुठलीही नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. परवा त्यांनी घरगुती हवामानयंत्र आणले. आकडे दाखवणारा पडदा घरात भिंतीवर लावला, पाऊस मोजायचे भांडे गच्चीवर बसवले आणि त्यावर नारळ फोडून पाणी वाहिले. खाली येऊन पाहतात तर पडद्यावर तीन मिलिमीटर पाऊस.

"अगं, कुरडया उचल," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी बनुबाईंनी पहाटेच घातलेल्या कुरडया गच्चीवर ओल्या होत्या; हात लावताच मोडल्या असत्या.

"आवो, बाहेर ऊन बघा की."

"यंत्र खोटं बोलत न्हाई."

बनुबाई वर गेल्या आणि त्यांनी भांड्यात बोट फिरवून चाटले. "व्हय, पडलाय. लई गोड हाय."

गोरक्षभाऊंनीही वर येऊन चाटून पाहिले, मगच कुरडया वाचल्या.