मामा हिंगोलीला कशाने आले

साखऱ्यापासून हिंगोलीपर्यंत प्रवासाचा माझ्या मामांइतका विचार केलेला आणि त्यांच्याइतका कमी प्रवास केलेला माणूस दुसरा झाला नाही. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेल्या मामांना इंग्रजीचं वेड लागलं, आणि त्यातही माणूस कशाने जातो हे सांगणाऱ्या इवल्याशा शब्दांचं. टांग्यात बसला तर 'इन', घोड्यावर बसला तर 'ऑन', आगगाडीने गेला तर 'बाय'. आम्हां भाचरांना ते अंगणातल्या छकड्यात चढवत, उतरवत, रेड्यावर बसवत (घोडा नव्हता), आणि दर वेळी शब्द वदवून घेत. बाजाराला निघालेल्या माणसालाही वेशीत अडवत. "कशानं चाल्लास ते इंग्रजीत सांग, मंग जा." लोक मळ्यातून वळसा घालून जाऊ लागले.

अशात हिंगोलीच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा निघाली. मामांचं आयुष्यात तेवढं एकच मागणं होतं. त्यात मुलाखतीचे साहेब आधी 'कसे आलात?' हेच विचारतात असं कळलं, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

नेमका त्या सकाळी कयाधूला पूर आला. छकडं अलीकडेच राहिलं. मामांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपडे डोक्याला बांधले, पोहणाऱ्या घरच्या म्हशीचं शेपूट धरलं आणि पलीकडे गेले. साहेबांनी तोच प्रश्न विचारला, आणि मामा जे गप्प झाले ते गप्पच.

"अवो, 'बाय छकडा' म्हनून मोकळं काहून न्हाई झाले?" मामी कपाळाला हात लावून म्हणाली. ऐकून ऐकून तिलाही सगळं पाठ होतं.

"छकड्यात न्हवतो, म्हशीवर बी न्हवतो. खोटं कसं सांगू?"

जागा मिळाली ती शेजारच्या गल्लीतून चालत येऊन 'बाय टांगा' म्हणणाऱ्याला.

आठवड्याने धार काढता काढता मामा ओरडले, "विथ! तिच्यासंगं आलो मी!" चरवी लवंडली. तसेच हिंगोलीकडे पळाले. साहेब केव्हाच आगगाडीने निघून गेले होते. मामा परतले ते मात्र हसत. शब्द सापडला होता. म्हशीला त्या दिवशी दुप्पट पेंड मिळाली.

पुढे त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला मी लागले. तेव्हा मामा उरले नव्हते, आणि त्यांना हे सांगता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. मुलाखतीत मलाही विचारलं, कशा आलात? मी 'बाय बस' म्हणाले. उत्तर बरोबर होतं, जागाही मिळाली. पण खरं सांगायचं तर मी मामांसंगं आले होते.