कोठीआड गेलेलं नेट

खंडेनवमीला सकाळी यशवंतरावांनी राउटरची पूजा केली आणि कापूर विझायच्या आत घरातलं नेट गेलं.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. माणूस आधी भोसरीत आणि मग कंपनी हलली तसा चाकणात, जन्मभर प्रेसशॉपच्या मेंटेनन्सला राहिलेला. तिथं खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून तिला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि पायाशी नारळ. एरवी मशीनची आयमाय काढणारे ऑपरेटरसुद्धा त्या दिवशी बूट काढून हात जोडणार. ज्याच्यावर घर चालतं त्याच्यापुढं वर्षातून एकदा वाकायचं, एवढाच त्यातला धर्म. रिटायर झाल्यावर यशवंतराव घरीच पान्यांची, ड्रिलची आणि पोराच्या, पिंटूच्या, मोटारसायकलची पूजा मांडत. यंदा त्यांनी विचार केला, की पोराच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय, निम्मा महिना घरी बसवतात. घर चाललंय सुनेच्या पगारावर आणि सुनेचा पगार चाललाय या पांढऱ्या डबीवर. मग पहिला मान कुणाचा?

म्हणून त्यांनी डबी शोकेसवरून उतरवली, फडक्यानं पुसली, हळदकुंकवाची बोटं ओढली, दोन्ही अँटेनांना एकेक झेंडू खोचला आणि पुढ्यात नारळ फोडला. नारळ एका फटक्यात फुटला. एरवी हा शुभशकुन. पण पाणी उडालं ते थेट डबीच्या जाळीत. हिरवा दिवा लाल झाला, लाल विझला, आणि वरच्या खोलीतून सुनेचा, तेजस्विनीचा, आवाज आला, "हॅलो? हॅलो सर, ऐकू येतंय का?"

शालनबाई प्रसादाचं खोबरं काढायला विळी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डबीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"पावली," म्हणाल्या आणि विळी पुढं ओढली.

शालनबाईंचं बोलणं असं मोजकंच. खेडकडच्या, लग्न होऊन रहाटणीत आल्या तेव्हा गाव गावच होतं. पहाटे मेथीच्या जुड्या पाटीत रचून पायी पिंपरीच्या मंडईत जायच्या आणि पाटी रिकामी झाल्याशिवाय परत यायच्या नाहीत. पाच जणींचा आवाज त्यांच्या एकटीत होता, पण तो गिऱ्हाइकासाठी. घरात दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा त्या खर्चत नसत. यशवंतरावांनी कंपनीत फोरमनशी भांडणं केली, युनियनच्या मीटिंगा गाजवल्या. घरात मात्र त्या दोन शब्दांना ते आजही दबून असत.

नवी डबी आली. तिला आरसा असावा तशी चकाकी होती आणि वेगही म्हणे दुप्पट. फक्त तो वेग हॉलपुरता. वरच्या मागच्या खोलीत, जिथं सून काम करायची, तिथं नेट यायचं, जायचं, पुन्हा यायचं. कामचुकार हेल्परसारखं, सुपरवायझर बघतोय तोवर हजर.

तेजस्विनीचं काम फोनवरचं. कुणाचं तरी माणूस दवाखान्यात असतं, विम्याची मंजुरी येत नाही, काउंटरवरची मंडळी डिस्चार्ज देत नाहीत. मग घाबरलेला नातेवाईक एक नंबर फिरवतो, आणि तो फोन रहाटणीतल्या या घरात, जिन्यावरच्या खोलीत, तेजस्विनीच्या कानात वाजतो. ती धीर देते, कागद शोधते, मंजुरीचं काम पुढं सरकवते. मधेच फोन तुटला की पलीकडच्याला वाटतं मुद्दाम ठेवला. तक्रार जाते. तक्रारी इतक्या झाल्या, की तिच्या मॅडमनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर घरून काम बंद, खराडीच्या ऑफिसला यायचं.

रहाटणी ते खराडी म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. रोज जाऊन-येऊन माणसाचं भरीत होतं.

"मग आमी तिकडंच खोली बघतो," पिंटू जेवता जेवता म्हणाला. इतक्या सहज, जणू मीठ मागितलं. यशवंतरावांचा घास हातातच राहिला. शालनबाईंनी ताटात भाकरी वाढली. कुणी मागितली नव्हती.

त्या घासापासून यशवंतरावांनी नेटचा ब्रेकडाउन हातात घेतला.

सगळे विचारतात, की मग सुनेनं हॉलमध्येच बसावं. बसली होती. पण हॉलच्या खिडकीखाली भाजीची हातगाडी थांबते. एकदा शालनबाई गाडीवाल्याशी भावावरून बोलत असताना फोनवरल्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, माझ्या क्लेमचं राहू द्या, मेथी कितीला लावली शेवटी?" कंपनीत ते रेकॉर्ड झालं. मोबाइलचं नेट वापरायला कंपनीची मनाई. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून भाऊबंदांची घरं, वर पुढच्या बाजूला भाडेकरू. राहिली ती मागची खोली, आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर हॉल, मधली खोली, मग जिना.

यशवंतरावांची पद्धत शॉपमधलीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. डबी बंद करून चालू केली. अँटेना उभ्या केल्या, आडव्या केल्या, शेवटी एक उभी एक आडवी. टीव्हीजवळून डबी काढून दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगली. जरा फरक पडला, मग तोही गेला. मोबाइलवर शेजारच्यांच्या नेटची नावं उघडून बसले. 'पासवर्ड मागू नये', 'घरचं आहे', 'आधी भाडं द्या' — गल्लीचा सगळा स्वभाव त्या यादीत होता. प्रत्येक फेरीला खालून हाक, "सूनबाई, आता?" वरून उत्तर, "आलं!" आणि दोन घोट चहा पोटात जातो न जातो तोच, "गेलं, मामा!"

अखेर नेटवाल्याला बोलावणं गेलं. आला तो धम्मरत्न, दापोडीचा. त्याचे वडील यशवंतरावांच्याच शॉपला होते, त्यामुळं तो नेट कंपनीचा माणूस म्हणून दारात आला आणि पुतण्या म्हणून आत. त्यानं आधी चहा घेतला, मग मोबाइल हातात धरून घरातून चालू लागला.

"हॉलमध्ये फुल. दारात फुल. काका, या डबीला दोन पट्टे असतात. एक पळतो जोरात पण भिंत दिसली की दमतो. दुसरा सावकाश, पण भिंती ओलांडतो. जुनी डबी सावकाशवाली होती. नवीवर आत्ता सावकाशचा पट्टा लावून दिला, पण त्यावर अख्खी गल्ली बसलीय." बोलत बोलत तो मधल्या खोलीत शिरला आणि थबकला. मोबाइलमधल्या काड्या एकेक करून पडल्या.

समोर कोठ्या होत्या. पत्र्याच्या, उंच, खांद्याला खांदा लावून भिंतभर उभ्या. धम्मरत्ननं एकीवर बोटं वाजवली. भरल्या पोटाचा आवाज आला.

"यात काय?"

"गहू."

"गव्हाचं राहू द्या, पत्रा नडतोय. पत्र्यातून सिग्नल जात नाही. या हलवल्या की—"

"हळू बोल!"

"का हो?"

"काकू आत हाय तुझी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. धम्मरत्ननं स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं, मग वरपर्यंत वायर टाकतो. या भिंतीनं."

"टाक की."

"भिंत कुठाय? कोठ्यांमागं."

"दुसरं काई?"

"जिन्यात रिपीटर लावा. पण त्याला इकडनं मिळेल तेच तो पुढं देणार. उपाशी माणूस पंगतीला काय वाढणार?" त्यानं बॅग खांद्याला लावली. "काकूंशी तुम्हीच बोला. मला या घरात चहा मिळतो, तो चालू राहू द्या."

आता त्या कोठ्यांचं सांगायला हवं. आज जिथं दोन टॉवर आणि त्यांच्या पायथ्याशी जिम आहे, तिथं या घरचा गहू व्हायचा. जमीन बिल्डरला द्यायचं ठरलं ते पुरुषांत ठरलं. सह्या झाल्या, मंडळी घरी आली, आणि शालनबाईंच्या हातावर पेढा ठेवून त्यांना कळवण्यात आलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पेढा देवापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "कोठ्या रिकाम्या ऱ्हायाच्या न्हाईत."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात माहेराकडून गव्हाची पोती येतात. शालनबाई गच्चीत वाळवण घालतात, निवडतात, कडुनिंबाचा पाला घालून कोठ्या गळ्यापर्यंत भरतात. खाणारी तोंडं चार, त्यातल्या सुनेला पोळीपेक्षा भात आवडतो. पण कोठ्या भरलेल्या. पाहुण्यानं टेकून उभं राहिलेलंही त्यांना चालत नाही. यशवंतरावांनी एकदा तिथं सायकल लावली होती. ती संध्याकाळी गल्लीत सापडली.

अशा बाईला कोठ्या हलव म्हणायचं कुणी?

यशवंतरावांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "मधल्या खोलीत अंधार वाटतो, नाही गं?"

"दिवा लावा."

दुसऱ्या दिवशी दुसरीकडून वळसा. "औंदा म्हणं समद्यांच्या गव्हात किडे झालेत."

"कुणाच्या?"

"असंच... लोक म्हणत्यात."

"लोकांनी पाला घातला न्हाई."

विषय संपला. यशवंतराव गुपचूप रिपीटर घेऊन आले आणि जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधला. मधलं दार सताड उघडं असलं की तो चालायचा, कुणी दार लोटलं की मरायचा. मग यशवंतराव दारात खुर्ची टाकून, दाराला पाय लावून बसू लागले. पेपर तिथंच, चहा तिथंच.

"वॉचमन झालासा व्हय?" जाता-येता शालनबाई विचारायच्या. ते हसायचे. पण महिना सरत आला होता आणि पिंटू मोबाइलवर खराडीकडच्या खोल्या बघायला लागला होता. एक खोली त्यानं आईलाही दाखवली. "बाल्कनी हाय बघ." शालनबाईंनी चष्मा लावून पाहिली, चष्मा काढला आणि मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

अशात ती दुपार आली. शालनबाई मधल्या खोलीत सुपातला गहू निवडत होत्या, यशवंतराव दाराला पाय लावून होते. वरून तेजस्विनीचा आवाज येत होता. नेहमीचा नव्हे, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना आपण बोलतो तसा.

"हां काका, सांगा. सावकाश सांगा. कार्डवरचा नंबर... हो, मी आहे ना... हॅलो? काका?"

मग ती जिन्यावरून खाली आली. लॅपटॉप कडेवर, कानाला हेडफोन, पावलागणिक थांबत, नेट कुठं धरतंय ते बघत. "काका, मी फोन ठेवलेला नाही. ऐकू येतंय का? काका?" शेवटच्या पायरीवर ती थांबली. कोठ्यांच्या अलीकडं, काड्या नसलेल्या त्या जागेत.

"गेला," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

"कोण व्हतं?" शालनबाईंनी विचारलं.

"म्हातारे होते एक, नांदेडकडचे. बायकोला ऑपरेशनला आत घ्यायचंय, मंजुरीशिवाय घेत नाहीत. याआधी दोन ठिकाणी फोन लावला तर कुणी धड बोललं नाही. म्हणत होते, पोरी, तू तरी फोन ठेवू नको." ती स्क्रीनकडंच बघत होती. "त्यांना वाटणार मी ठेवला."

यशवंतरावांनी तोंड उघडलं. कोठ्यांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

शालनबाईंनी सूप खाली ठेवलं. "फोन परत लागंल का त्यास्नी?"

"नंबर आहे, आत्या. पण नेटच—"

शालनबाई उठल्या. पहिल्या कोठीपाशी गेल्या, खाली सतरंजी सारली आणि कोठीचं खालचं झाकण सर्रकन वर ओढलं. गव्हाची धार लागली. पाल्याच्या वासानं खोली भरली.

"बघता काय? गोण्या आणा!"

मंडईतला आवाज, इतक्या वर्षांनी घरात. यशवंतराव खुर्ची उलटी पाडून उठले. वरचे भाडेकरू धावत आले. गहू गोण्यांत, गोण्या हॉलमध्ये, आणि रिकाम्या कोठ्या ठणाठणा आपटत एकेक करून बाहेरच्या ओट्यावर. मधल्या खोलीची भिंत उघडी पडली. कित्येक वर्षांपूर्वीचा रंग तिच्यावर जसाच्या तसा होता.

तेजस्विनी पायरीवरून हलली नव्हती. शेवटची कोठी उंबऱ्याबाहेर गेली तेव्हा तिनं हात वर केला, सगळ्यांना गप्प करायला.

"हॅलो काका? हो, मीच. मघाचीच. नाही हो, ठेवला नव्हता. सांगा नंबर."

ती बोलत बोलत जिना चढून वर गेली, खोलीचं दार लोटलं, आणि आवाज तुटला नाही. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा म्हातारबाईंना आत घेतल्याचं कळलं होतं. तुटलेला फोन मात्र मॅडमच्या हिशेबात लागायचा तो लागलाच होता. "महिनाअखेरीला सांगते म्हणाल्या," तेजस्विनी म्हणाली. "काय करतील सांगता येत नाही." पिंटूनं खोल्यांची यादी अजून मोबाइलमधून काढली नव्हती, आणि कुणी त्याला काढ म्हटलं नाही.

दिवेलागणीला शालनबाई मधल्या खोलीत बसून फरशीवरचे दाणे गोळा करत होत्या. कोठ्यांचे गोल डाग फरशीवर ओळीनं उमटले होते. यशवंतराव शेजारी येऊन बसले. त्यांनीही चार दाणे वेचले, बायकोच्या सुपात टाकले, आणि अखेर मनातलं बोलले.

"दसऱ्यापासनं माझ्या जिवाला घोर. कोठ्यांचं नाव काढलं तर घर डोक्यावर घेशील वाटलं. आन् तू आज आपणहून हलवल्यास! आदीच का न्हाई हलवल्यास गं?"

शालनबाईंनी सूप पाखडलं, फुंकर मारली आणि त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या,

"तुमी कवा काय इचारलंय मला?"