मामाजी आणि पिवळ्या साडीतली पोरगी

माझे सासरे एक गाणं रोज पाहायचे आणि रोज त्याच्यावर चिडायचे. मी त्यांना मामाजी म्हणायची. अमडापूरच्या घरी सकाळी ओसरीवर एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मधेच मला हाक यायची, "सूनबाई, हे जरा मांगं घे बरं. पोरगी कुठं गेली, समजलंच नाही."

चाल त्यांना फार आवडायची. व्हिडिओनं मात्र छळ मांडला होता. पिवळ्या साडीतली एक पोरगी एसटीत बसते. लगेच ती शहरातल्या एका गच्चीवर एकटीच हसताना दिसते. मग पुन्हा गावच्या घरात भाकरी थापते, पण आता तिचे केस आखूड. आणि अधूनमधून स्टँडवर छत्री घेऊन उभा असलेला एक माणूस, ज्याचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही.

मामाजींनी जन्मभर एसटी चालवली होती. निवृत्तीनंतर स्टिअरिंग सुटलं, पण कोण चढलं, कोण उतरलं ही चौकशी सुटली नाही. दर थोड्या दिवसांनी नवा अंदाज. आधी म्हणाले, या जुळ्या बहिणी आहेत. मग म्हणाले, पोरगी मेली, हे सारं त्या माणसाच्या सपनातलं आहे. माझा नवरा संदीप वैतागून म्हणाला, "बाबा, बनवणाऱ्यानं अर्धं कापून टाकलं असन. निस्तं गाणं आयका ना!"

"कापलं असन त कापलं," मामाजी म्हणाले. "आपल्याले डोकं आहे ना?"

एका गोष्टीवर मात्र घरादाराचं एकमत होतं. छत्रीवाला तिचा प्रियकर, आणि ही त्याला सोडून पळाली. शेजारच्या शकीलाभाभी तर ती दिसली की शिव्याच घालायच्या.

त्याच सुमारास मला संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. शिक्षण लग्नाआधीच झालं होतं. संदीपचं गावात बी-बियाण्यांचं दुकान. ते सोडून त्याला येता येईना. तो हो म्हणेना, नाही म्हणेना. सासूबाईंनी साफ सांगितलं, "लगन झालेली बाई एकटी राह्यते का कुठं? लोकं काय म्हणतीन?" रुजू व्हायचा सोमवार जवळ येत होता, आणि मी बॅगेला हातसुद्धा लावला नव्हता.

एका सकाळी मामाजींनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. मला वाटलं, आता नोकरीचा निकाल. त्यांनी मोबाईल पुढे धरला.

"छत्रीवाला तिचा बाप आहे."

"बाप?" संदीपनं विचारलं.

"वाट पाह्यणारा माणूस दरवेळी यारच असते का बे? पोरगी कामाले गेली. सुट्टीत आली, तवा केस कापून आली. बाप घ्याले आला. एवढीच गोष्ट आहे. आपूनच तिले पळून जाणारी ठरवलं."

मोबाईल खिशात ठेवत ते सासूबाईंकडे वळले. "सूनबाई सोमवारी जाऊन राह्यली. संगं दशम्या दे."

सासूबाई तणतणल्या. त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण रविवारी संध्याकाळी दशम्या भाजल्या, आणि बरोबर ठेचाही बांधून दिला.

मामाजींनी लावलेला अर्थ बरोबर होता का, मला आजही ठाऊक नाही. नंतर मी ते गाणं पुष्कळदा पाहिलं. छत्री धरलेला हात मला तरी तरुण माणसाचा वाटतो. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांना माझ्याच दवाखान्यात आणलं. मी सलाईन लावत होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ते ऐटीत म्हणाले, "हे माही सून. इले नोकरीले म्याच धाडलं."

मग डोळे मिटून दम घेतला, आणि स्वतःच दुरुस्ती केली.

"नाही. गेली हेच. म्या निस्ता आडवा नाही आलो."